आईच्या छातीवर सात दिवस: एआयवाल्या ईसीजी पॅचचा अनुभव

"अगो, छातीत पाखरू अडकल्यासारखं फडफडतं, आणि तू मशीन लावलंस की ते उडून जातं." आई हे दीड वर्ष सांगत होती. त्या दीड वर्षात तिचे चार ईसीजी झाले, एकदा 24 तासांचा होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर बाळगायचा ईसीजी, झाला, आणि पाचही वेळा रिपोर्टवर एकच शब्द आला: नॉर्मल.

मी 31 वर्षं ईसीजी काढले आहेत. 1989 साली मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात टेक्निशियन म्हणून लागले, 2020 मध्ये निवृत्त झाले. छातीला जेली लावून रबरी फुग्यांचे कप चिकटवायचे, हातापायांना क्लॅम्प लावायचे आणि "आजोबा, हलू नका, बोलू नका" असं दिवसातून साठ-सत्तर वेळा म्हणायचं, हे माझं आयुष्य. त्यामुळे या रिव्ह्यूमध्ये अ‍ॅप कसं दिसतं यापेक्षा पट्टी कशी येते यावर जास्त लिहिणार आहे. पट्टी म्हणजे ईसीजीचा आलेख. आम्ही सगळे तिला पट्टीच म्हणायचो.

सेंटरचं आणि पॅच बनवणाऱ्या कंपनीचं नाव इथे देत नाही. त्यांच्याशी माझं एका रात्री चांगलंच वाजलं, ते पुढे येईल. झालेली चूक सुधारायला त्यांनी सुरुवात केली आहे, आणि असे पॅच आता मुंबईत बऱ्याच ठिकाणी लावून मिळतात. तुम्ही कुठेही गेलात तरी विचारायचे प्रश्न तेच राहतील.

आईचं पाखरू काय असावं याचा अंदाज मला पहिल्या दिवसापासून होता. एट्रियल फिब्रिलेशन, आमच्या बोलीत एएफ. हृदयाच्या वरच्या कप्प्यांनी एका तालात आकुंचन पावायचं, ते सोडून ते मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा नुसते थरथरतात. सगळे इशारे खालच्या कप्प्यांपर्यंत पोचत नाहीत, जे पोचतात ते वेडेवाकडे पोचतात, म्हणून नाडीला ताल राहत नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली की अर्धांग. एएफ असलेल्या माणसाला अर्धांगाचा धोका साधारण पाचपट असतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. 2004 मध्ये बाबांची उजवी बाजू गेली. कॅज्युअल्टीत त्यांचा ईसीजी मीच काढला, आणि मशीनमधून सरकणारी ती बेताल पट्टी बघताना मला कळलं की हे आज सुरू झालेलं नाही. बाबा "जरा घाबरं होतं" म्हणायचे तेव्हा आम्ही त्यांना लिंबूसरबत द्यायचो. ती पट्टी माझ्याकडे आहे. थर्मल कागदावरची छपाई उडते, म्हणून झेरॉक्स काढून ठेवली आहे.

तर आईच्या बाबतीत मी थांबणार नव्हते. पण एएफ येऊन जाऊन असेल तर पकडायचा कसा? साधा ईसीजी काढताना लयीची लांब पट्टी घेतली तरी ती दहा सेकंदांची. होल्टर 24 तासांचा, आणि पाखरू दहा-बारा दिवसांतून एकदा येणार.

भाच्याने आधी घड्याळ सुचवलं. घड्याळ वाईट नाही. मनगटावर हिरवा प्रकाश टाकून ते अधूनमधून नाडीचा ताल बघतं. 2019 मध्ये अ‍ॅपल वॉचवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात 4,19,297 लोक होते. त्यातल्या 0.52 टक्के लोकांना ‘नाडी अनियमित आहे’ अशी सूचना गेली, आणि त्यातल्या ज्यांनी नंतर छातीवर पॅच लावून तो परत पाठवला त्यांच्यापैकी 34 टक्के लोकांना पॅचवर एएफ दिसला. उरलेल्यांची सूचना खोटीच होती असं नाही. पाखरू पॅच लावेपर्यंत उडून गेलेलं असू शकतं. पण घड्याळात ईसीजी काढायचा तर दुसऱ्या हाताचं बोट अर्धा मिनिट स्थिर टेकवावं लागतं. पहाटे छातीत फडफडत असताना 79 वर्षांच्या बाईने चष्मा शोधायचा, घड्याळ चाचपायचं, हे होणार नव्हतं. म्हणून पॅच.

दादर पश्चिमेच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये मे महिन्यात गेलो. पॅच दोन बोटं रुंद, वजनाला एखाद्या बिस्किटाएवढा. डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली तिरका चिकटवतात. सोबत एक छोटा फोन देतात, तो जवळपास ठेवायचा. पॅच त्याच्याकडे पट्टी पाठवतो आणि फोन ती पुढे सर्व्हरवर पाठवतो. पॅचवर एक बटण आहे, त्रास झाला की दाबायचं. मी नोकरीला लागले तेव्हा होल्टर म्हणजे कमरेला पट्ट्याने बांधायचं कॅसेटचं खोकं होतं. आणि ज्याच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते त्या नॉर्मन होल्टरचं पहिलं यंत्र तर पाठीवर घ्यायचं, 38 किलोंच्या आसपास वजनाचं होतं. आईला हे सांगितल्यावर तिने पॅचवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं झालं, मी उशिरा म्हातारी झाले."

लावणाऱ्या मुलाचं कौतुक करायलाच हवं. त्याने आधी स्पिरिटने जागा पुसली, मग बारीक खरखरीत पट्टीने त्वचा हलकी घासली, "आजी, थोडं खरखरेल हं," असं सांगून. घाई असली की सगळ्यात आधी हीच पायरी गाळली जाते, आणि निम्म्या खराब पट्ट्यांचं मूळ तिथे असतं. पण पडद्यामागे बायकांसाठी बाई नव्हती. आई आखडून बसली, शेवटी ब्लाउजची हुकं मी सोडली आणि पॅच मीच दाबून बसवला. माझ्यासारखी मुलगी सोबत नसेल त्या आजीने काय करायचं? हे मी काउंटरवर लिहून दिलं आहे.

मे महिना, गिरगाव, फणसवाडीतली चाळ, वरचा मजला. घाम किती येतो ते सांगायला नको. चौथ्या दिवशी पॅचची खालची कड सुटली. मी कापसाने कोरडं करून वर सर्जिकल टेप लावला. सात दिवसांत एकूण चार तासांची पट्टी वाया गेली, हे मला चाललं. त्वचेला खाज आली आणि काढल्यावर आठवडाभर लाल चट्टा होता. ज्यांना बँडएडनेही पुरळ उठतं त्यांनी आधी सांगावं, पर्यायी चिकटपट्टी मिळते.

त्रास कधी झाला, तेव्हा काय करत होतात, याची नोंद अ‍ॅपमध्ये करायची असते. अ‍ॅप इंग्रजी आणि हिंदीत. आईने दुसऱ्याच दिवशी त्याचा नाद सोडला आणि नोंदी कालनिर्णयवर लिहायला लागली, दुधाच्या हिशेबाच्या खाली. "पाखरू. पहाटे. उशी उंच केली." त्या नोंदी मी रात्री अ‍ॅपमध्ये चढवायचे. एवढी महागाची सेवा मुंबईत विकायची आणि मराठीत चार ओळी घालायच्या नाहीत, हे मला पटत नाही.

आता त्या एआयबद्दल. सेंटरच्या पत्रकावर ‘डीप लर्निंग’ असं मोठ्या अक्षरांत छापलं आहे, त्यामुळे ते काय करतं हे समजून घेतल्याशिवाय मी सही करणार नव्हते.

आमच्या जुन्या मशीनमध्येही संगणक होता. पट्टीच्या वर तो निदान छापायचा. त्याला माणसांनी नियम लिहून दिले होते: दोन ठोक्यांमधली अंतरं सारखी नसली आणि पी वेव्ह (वरचे कप्पे आकुंचन पावताना ठोक्याआधी उठणारी छोटी लाट) सापडली नाही तर एएफ छाप. पार्किन्सनच्या रुग्णाचा हात थरथरला की तो एएफ छापायचा. पंख्याखाली रुग्ण कुडकुडला तरी एएफ. आम्ही ते छापील निदान वाचायचं सोडून दिलं होतं.

डीप लर्निंगमध्ये असे नियम कोणी लिहून देत नाही. हजारो पट्ट्या आणि प्रत्येकीचं तज्ज्ञांनी दिलेलं उत्तर यंत्रापुढे ठेवायचं. यंत्र उत्तर देतं, चुकतं, चूक किती मोठी ते मोजलं जातं, त्याप्रमाणे आतले लाखो आकडे थोडे थोडे सरकवले जातात, आणि पुढची पट्टी समोर येते. हे भाच्याने मला समजावलं तेव्हा मला आमच्या विभागातल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन बाई आठवल्या. पहिल्या वर्षी त्या मला नियम सांगायच्याच नाहीत. पट्टी हातात द्यायच्या आणि विचारायच्या, "काय दिसतं?" चुकलं की पट्टी परत घ्यायच्या, दुसरी द्यायच्या. दोन वर्षांनी मला लांबूनच एएफ ओळखू यायला लागला, आणि कशावरून ओळखला ते धड सांगता यायचं नाही. यंत्रही धड सांगू शकत नाही. याचं मला वाईट वाटत नाही, पण म्हणूनच त्याने ज्या पट्टीवरून सांगितलं ती पट्टी मला बघायला मिळाली पाहिजे.

यंत्र किती पट्ट्यांवर शिकलं यावर सगळं अवलंबून असतं. पूर्वी या विषयातल्या संशोधकांकडे जी नावाजलेली शिदोरी होती, बॉस्टनमध्ये तयार झालेली आणि 1980 पासून वाटली गेलेली, तिच्यात 47 माणसांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या 48 नोंदी होत्या. 2019 च्या जानेवारीत स्टॅनफर्डच्या लोकांनी ‘नेचर मेडिसिन’मध्ये आपलं काम छापलं, त्यात 53,549 रुग्णांच्या 91,232 पट्ट्या होत्या, आणि त्या आईला लावला तसल्याच एका लीडच्या, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघणाऱ्या, पॅचमधून आलेल्या. यंत्राला 12 प्रकार ओळखायचे होते. परीक्षेसाठी वेगळ्या ठेवलेल्या पट्ट्यांची उत्तरं हृदयतज्ज्ञांच्या समितीने एकमताने ठरवली होती. कमी सोडायचं आणि खोटंही कमी ओरडायचं, या दोन्हींचा मिळून 0 ते 1 मधला एक गुण काढतात. त्यात यंत्राची सरासरी 0.837 आली आणि एकेकट्याने पट्ट्या वाचणाऱ्या हृदयतज्ज्ञांची 0.780. मी हे दोनदा वाचलं. मला धक्का बसला नाही. पाच वाजता, सत्तरावी पट्टी वाचताना माणसाचे डोळे कसे होतात ते मला माहीत आहे.

आणि इथे सत्तर पट्ट्यांचा प्रश्न नाही. ईसीजीचा कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. 24 तासांचे 2 किलोमीटर 160 मीटर होतात. सात दिवसांचे 15 किलोमीटर, म्हणजे चर्चगेटला पट्टी अंथरायला घेतली तर ती साधारण वांद्र्यापर्यंत पोचेल. आईचे त्यात सुमारे सात लाख ठोके. कॅसेटच्या काळात आम्ही 24 तासांची टेप साठपट वेगाने पळवून 24 मिनिटांत बघायचो, आणि मधेच कोणी चहा विचारला तर तेवढ्यात काही निसटलं का ही टोचणी रात्री घरी घेऊन जायचो. सात दिवस डोळ्याला डोळा न लावता बघणारं काहीतरी हवंच होतं. या कामासाठी यंत्र आलं याचा मला मनापासून आनंद आहे.

पत्रकावर ‘98 टक्के अचूक’ असंही छापलं आहे. काउंटरवरच्या मुलाला मी विचारलं, कशाचे 98 टक्के? ठोक्यांचे, रुग्णांचे, की एएफच्या झटक्यांचे? सात लाख ठोक्यांत हजारात एक चुकला तरी 700 चुका होतात. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याला माहीत नाही. त्याचा राग नाही, पण छापणाऱ्याला माहीत असायला हवं.

आता ती रात्र.

तिसऱ्या दिवशी संकष्टी होती. मी कांजूरमार्गला माझ्या घरी आले होते, आईजवळ वहिनी होती. रात्री 11 वाजून 5 मिनिटांनी माझा फोन वाजला. कंपनीच्या देखरेख विभागातली मुलगी होती. "मॅडम, पेशंटला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया आला आहे. सिस्टमने रेड अलर्ट दिला आहे. ताबडतोब इमर्जन्सीला न्या."

व्हीटी म्हणजे खालच्या कप्प्यांचं बेफाम धावणं. त्यातून माणूस जाऊ शकतो. माझे हात गार पडले. मी वहिनीला फोन लावला. आई झोपली होती. वहिनीला तिची नाडी मोजायला सांगितली, 74. रक्तदाब नेहमीचा. आईला उठवून विचारलं, चक्कर, घाम, छातीत दुखणं, काही नाही. मग मी त्या मुलीला परत फोन केला आणि म्हटलं, पट्टी पाठवा. ती म्हणाली, पट्टी फक्त डॉक्टरांना देतो. मी म्हटलं, मग तुमच्या डॉक्टरांनी बघितली का? तर नाही, ते सकाळी बघतात, रात्रीचा अलर्ट सिस्टमचा असतो. दहा मिनिटं मी बोलत राहिले. आवाज चढला माझा, खोटं का बोला. शेवटी तिने तिच्या वरिष्ठांना विचारून पट्टी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली.

अकरा सेकंदांचा तुकडा. रुंद, उंच, एकसारख्या लाटा, सेकंदाला तीनच्या आसपास. पहिल्या नजरेला कोणीही व्हीटी म्हणेल, मीही म्हटलं असतं. पण वेळ बघितली: संध्याकाळी 5 वाजून 12 मिनिटं. मग मी विजेच्या बिलाचा लिफाफा घेतला आणि त्याची कड फोनच्या पडद्याला लावली. गोंधळ सुरू व्हायच्या आधीचे दोन ठोके स्वच्छ होते. त्यांच्यामधलं अंतर कडेवर पेन्सिलने खुणा करून घेतलं आणि ती कड लाटांवरून पुढे सरकवत नेली. बाईंनी शिकवलेली रीत. प्रत्येक खुणेवर, लाटेच्या अंगातून डोकावणारा एक बारीक टोकदार काटा होता. एकही चुकला नाही. हृदय मिनिटाला 80 च्या चालीने शांतपणे चाललं होतं, आणि त्याच्यावरून दुसरंच काहीतरी हलत होतं.

मी पुन्हा वहिनीला फोन केला. आईला विचार, संध्याकाळी पाचला काय करत होती. मागून आईचा झोपाळू आवाज आला, "अगो, मोदकांचा नारळ खवत होते."

विळीवर बसून, दोन्ही हातांत वाटी धरून, सेकंदाला तीन फेरे. खांदा हलला की छातीची कातडी हलते, कातडीबरोबर पॅच. दात घासताना असंच होतं, कपडे घासताना असंच होतं, आमच्या पेशात ते सगळ्यांना माहीत आहे. रुग्णालयात बारा लीड असतात. एकीत कचरा आला तर दुसरी स्वच्छ असते आणि खरं काय ते सांगते. पॅचला एकच लीड, दुसरा साक्षीदार नाही. यंत्र ज्या पट्ट्यांवर शिकलं त्यात किती जणी नारळ खवत होत्या, सांगा.

मी माझ्यावर विसंबून राहिले नाही. आमच्याकडे पूर्वी रेसिडेंट असलेल्या आणि आता हृदयतज्ज्ञ झालेल्या मॅडमना त्याच वेळी पट्टी पाठवली. त्यांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं, "ताई, आर्टिफॅक्ट आहे. आजींना झोपू द्या." आर्टिफॅक्ट म्हणजे हृदयातून न आलेला, हालचालीमुळे पट्टीवर उमटलेला कचरा. वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते: असा फोन आला आणि घरात पट्टी वाचणारं कोणी नसेल, तर लिफाफा शोधत बसू नका, माणसाला रुग्णालयात न्या.

माझी तक्रार यंत्राने चूक केली ही नाही. मीही चुकले आहे. तक्रार ही, की त्या अलर्टवर माणसाची नजर पडण्याआधी तो घरच्यांच्या कानावर घातला गेला. आणि दुसरी गोष्ट जास्त गंभीर. तो खरा असता तर? 5 वाजून 12 मिनिटांची पट्टी 11 ला कळवली, म्हणजे सहा तासांनी. शोध घेतल्यावर कळलं की चाळीच्या जाड भिंतींमुळे आतल्या खोलीत पॅचसोबतच्या फोनला रेंज नव्हती. वहिनीने रात्री तो चार्जिंगला गॅलरीजवळ ठेवला तेव्हा सगळं एकदम वर गेलं. हे पॅच लावतानाच सांगायला हवं होतं. ‘लाइव्ह देखरेख’ म्हणून विकता तर घरात रेंज आहे की नाही हे आधी विचारा, आणि अलर्टच्या फोनवर घटना कधीची आहे ते पहिल्या वाक्यात सांगा.

यानंतर पॅच काढून टाकावा असं वहिनीचं मत होतं. मी ठेवला. आणि पाचव्या रात्री पाखरू आलं.

पॅच काढल्यावर तीन दिवसांनी रिपोर्ट मिळाला, 19 पानांचा. पहाटे 3 वाजून 38 मिनिटांनी सुरू झालेला एएफ, 2 तास 12 मिनिटं चाललेला, ठोके 110 ते 140. आईने बटण दाबलेलं होतं, कालनिर्णयवरही नोंद होती, तिन्ही वेळा जुळल्या. त्याशिवाय आणखी काही झटके, ज्यांचा आईला पत्ताही नव्हता. एकूण तीन तासांच्या थोडा वर, नोंदलेल्या वेळेच्या दोन टक्क्यांच्या आत. आणि नारळाचा तुकडा ‘आर्टिफॅक्ट’ म्हणून दुरुस्त केलेला, खाली हृदयतज्ज्ञांची सही.

मी मागितल्यामुळे झटक्यांच्या पूर्ण पट्ट्या मिळाल्या. ठाकूरद्वारला झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतल्या आणि जेवणाच्या टेबलावर कागदाची कड घेऊन दुपारभर बसले. मोठा झटका निर्विवाद एएफ होता. पी वेव्हचा मागमूस नाही, एक अंतर दुसऱ्याशी जुळत नाही. चाळीस सेकंदांचा एक तुकडा यंत्राने एएफ म्हटला होता, तो मला पटला नाही. तिथे मध्येमध्ये लवकर आलेले जादा ठोके होते, पण प्रत्येकापुढे बारीक पी होती. मॅडमनी बघितलं आणि तो एएफच्या यादीतून काढला. उलट दुसरा एक, पन्नास सेकंदांचा, आई डाव्या कुशीवर झोपलेली असताना पट्टीची उंची अगदी कमी झालेली असताना आलेला, तो यंत्राने पकडला होता. साठपट वेगाने पळणाऱ्या टेपवर तो माझ्या नजरेतून नक्की सुटला असता. त्या पट्टीवर मी खूप वेळ बोट ठेवून बसले. बाबांचे असे किती सुटले असतील?

एएफचं निदान पक्कं व्हायला निदान 30 सेकंदांची पट्टी लागते. आमच्याकडे दोन तासांची होती. मॅडमनी अर्धांगाच्या धोक्याचे गुण मोजले: वय 75 च्या वर त्याचे 2, रक्तदाबाचा 1, मधुमेहाचा 1, बाई म्हणून 1. मूत्रपिंडाची तपासणी केली, वजन घेतलं, आणि रक्त पातळ करायची गोळी सुरू केली, दिवसातून दोनदा. आईने विचारलं, पाखरू जाईल का? त्या म्हणाल्या, "आजी, ही गोळी पाखराची नाही, गुठळीची आहे. पाखरासाठी दुसरी देते." आईला हे उत्तर फार आवडलं.

खर्च: सात दिवसांचे 7,500 रुपये, फोनसाठी 3,000 रुपये अनामत, ती परत मिळाली. 24 तासांच्या होल्टरला आम्ही 2,200 दिले होते. ज्याचा त्रास रोज होतो त्याला होल्टर पुरेल, पैसे घालवू नका. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा होतो त्याच्यासाठी पॅच योग्य आहे. छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, तर यातलं काहीच नको, थेट कॅज्युअल्टी. हा पॅच हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी नाही.

मला एक गोष्ट आत लागून राहिली आहे. आमच्या रुग्णालयाच्या रांगेत तिशीतल्या बायका यायच्या, लहानपणी संधिवाताचा ताप आलेला, त्यातून हृदयातली मायट्रल नावाची झडप आकसलेली, आणि एएफ. बाबांसारखा म्हातारपणीचा नाही, कडेवर पोर असतानाचा. त्यांच्याकडे 7,500 नव्हते आणि नसतील. कंपनीला मी लिहून विचारलं की तुमचं यंत्र शिकवताना अशा बायकांच्या पट्ट्या त्यात होत्या का. "कळवतो" असं उत्तर आलं, पुढे काही नाही. मी दर महिन्याला विचारते आहे.

मराठी अ‍ॅपचं अजून काही झालेलं नाही. रात्रीच्या अलर्टबद्दल मात्र माझ्या पत्राला उत्तर आलं: आता सिस्टमचा अलर्ट आधी ड्यूटीवरचे डॉक्टर बघतील, मग फोन जाईल, आणि पट्टी मागितली तर घरच्यांनाही मिळेल. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकांना घेऊन मी त्याच सेंटरमध्ये गेले. पॅच लावणारा तोच मुलगा होता. त्याने काकांच्या हातात नोंदींचा छापील कागद दिला, इंग्रजीच. पण ‘या कामांची वेळ लिहून ठेवा’ या चौकटीत त्याने निळ्या पेनने, मराठीत, स्वतःच्या अक्षरात तीन ओळी घातल्या होत्या: दात घासणे, कपडे घासणे, नारळ खवणे.